अठ्ठ्याहत्तरचा वेग

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कुणीतरी निवृत्त डॉक्टर किंवा इंजिनियर आपल्या नोकरीतले अनुभव लिहितात. यंदा संपादक सुषमाकाकूंनी मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "काकू, मी अजून धड नोकरीला लागलेलीही नाही. कॉलेज करता करता साडेतीन वर्षं पार्ट-टाइम काम केलं, एवढंच." त्या म्हणाल्या, "मग त्याचंच लिही. जुन्या रेकॉर्ड्सचं काहीतरी करतेस ना?" मी हो म्हटलं. घरी येऊन वही उघडली तेव्हा लक्षात आलं, की त्या साडेतीन वर्षांतलं लिहिण्यासारखं मला एकच आठवतंय आणि ते माझ्या चुकीचं आहे. ते नीट मांडता येईल की नाही माहीत नाही. प्रयत्न करते.

मी दहा वर्षांची असताना आम्ही कराडहून मिशिगनला आलो. बाबा एका रेस्टॉरंटमध्ये तंदूरवर असतात, आई वृद्धांच्या नर्सिंग होमच्या स्वयंपाकघरात. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. त्यामुळे ॲन आर्बरला आल्यावर फॉर्म कसे भरायचे, प्राध्यापकांना ईमेल कसा लिहायचा, यातलं काही विचारायला घरी कुणी नव्हतं. मी सगळ्या सूचना दोनदा वाचायचे आणि एकही रकाना रिकामा सोडायचे नाही. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढची चूक त्यातूनच झाली.

काम मिळालं ते गावातल्या एका छोट्या खासगी ध्वनिसंग्रहात. जुन्या चर्चच्या तळघरात तीन खोल्या. आफ्रिकेतल्या अगदी सुरुवातीच्या लोकप्रिय गाण्यांच्या रेकॉर्ड्स तिथे जमवतात. नाचाची गाणी, गुत्त्यांतली गाणी, चर्चमधली भजनं, शेजाऱ्यांच्या भांडणांवर रचलेली गाणी. कंपन्यांनी मूळ साचे केव्हाच मोडीत काढले. आता जे उरलंय ते लोकांच्या माळ्यांवर आणि ट्रंकांत. कुणी आणून दिलं की आम्ही ते धुतो, वाजवतो आणि कॉम्प्युटरवर उतरवून घेतो.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "लायब्ररीसारखं का? पुस्तकं रचायची?"

"नाही गं. रेकॉर्ड धुवायच्या."

"धुवायच्याच आहेत तर इकडं ये. माझ्याकडं रोजची दोनशे ताटं पडलेली असतात."

बाबांना मात्र त्यात गोडी वाटली. त्या काळच्या रेकॉर्ड्स लाखेच्या असत, हे त्यांना माहीत नव्हतं. "लाख? आपल्या बांगड्यांची?" तीच लाख. बरीचशी तर आपल्याकडूनच जायची. ती स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून आम्ही शुद्ध पाणी आणि साबणाचे दोन-चार थेंब एवढंच वापरतो. एक गृहस्थ मोठ्या अभिमानाने रेकॉर्डची पेटी घेऊन आले होते. येण्याआधी त्यांनी एकेक रेकॉर्ड स्पिरिटने चकचकीत पुसली होती. आमच्या मुख्य तंत्रज्ञ लिंडाबाईंनी पहिली हातात घेऊन उजेडात धरली आणि म्हणाल्या, "सुंदर दिसतायत. भिंतीवर लावा." गाणी पुसली गेली होती.

लिंडाबाई साठीच्या, उंच, बोलायला कमी. त्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट म्हणजे रेकॉर्डचा वेग. सगळे म्हणतात जुनी रेकॉर्ड मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेते. पण सुरुवातीच्या काळात ते काही पक्कं नव्हतं. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं यंत्र त्या दिवशी जसं फिरेल तसं. कुणाचं बहात्तर, कुणाचं ऐंशी. आणि वेग चुकला की गाणं नुसतं लवकर किंवा उशिरा संपत नाही. पट्टीच बदलते. बहात्तरला गायलेली बाई अठ्ठ्याहत्तरला वाजवली तर तिचा आवाज चढतो, बारीक होतो, वय कमी होतं.

मग खरा वेग कळायचा कसा? साथीला पेटीसारखं वाद्य असेल तर सोपं. त्याच्या पट्ट्या बदलत नाहीत, त्यांच्याशी जुळेपर्यंत वेग कमीजास्त करायचा. नुसता गळा असेल तर कठीण. मग त्या कंपनीच्या इतर रेकॉर्ड्स पाहायच्या, ती भाषा बोलणाऱ्या माणसाला ऐकवायचं. यातलं काहीच जमलं नाही तर अठ्ठ्याहत्तर लिहायचं आणि शेजारच्या 'अंदाजे' या चौकटीत खूण करायची.

ती चौकट मला आवडायची नाही. अंदाजे लिहिणं म्हणजे अभ्यास न करता पेपरला बसल्यासारखं वाटायचं. गृहपाठ अर्धवट राहिल्यासारखं. बऱ्याच फॉर्मांवर मी ती खूण करायची टाळली. कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अंकल क्वेसी आले. शहाऐंशी वर्षांचे, घानाचे, डेट्रॉइटच्या बाजूला राहणारे, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. सोबत त्यांची मुलगी एफुआ. ती नर्स आहे. मी त्यांना 'सर' म्हणायला लागले तर म्हणाले, "सर वगैरे शाळेत. आमच्याकडे मोठ्यांना अंकल म्हणतात. तुमच्याकडे?"

"काका."

"म्हणजे तेच. तू कुठल्या वारी जन्मलीस?"

मला माहीत नव्हतं. त्यांना फार नवल वाटलं. त्यांच्याकडे वारावरून नाव ठेवतात. क्वेसी म्हणजे रविवारचा. "आई-बापांना विचारून घे," ते म्हणाले. "वार माहीत नसलेली पोरगी म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट."

त्यांनी टेबलावर एक कापडी पुडकं ठेवलं. आत एकच रेकॉर्ड होती. त्यांच्या आईची. ती तरुणपणी एका व्यापाऱ्याच्या घरची मुलं सांभाळायला लंडनला गेली होती. तिथे आपल्या लोकांच्या चर्चमध्ये गायची. कंपनीवाल्याने ऐकलं, चार-पाच जणींना बोलावून गाणी भरून घेतली. ती परत आली, तिने कापडाचा धंदा केला, लग्न केलं, अंकल बारा वर्षांचे असताना ती वारली. ते अमेरिकेला निघाले तेव्हा मावशीने ही रेकॉर्ड हातात दिली. सुई लागून खराब होईल म्हणून त्यांनी ती एकदाही वाजवली नव्हती. साठ वर्षं कपाटात जपून ठेवली होती.

"मला फक्त एकदा ऐकायचंय," ते म्हणाले. "मग तुम्ही ती जगाला द्या."

जगाला देता येणार होतीच. इथल्या कायद्याप्रमाणे इतक्या जुन्या रेकॉर्डवरचा हक्क साधारण शंभर वर्षांनी संपतो आणि ती सगळ्यांची होते. दर एक जानेवारीला एका वर्षाच्या रेकॉर्ड्स अशा मोकळ्या होतात. त्या दिवशी आम्ही त्या वेबसाइटवर ठेवतो. कुणीही ऐकावं, उतरवून घ्यावं, काही विचारायला नको. आमची ती दिवाळीच. पण दिवाळीच्या आधी फराळाची जी घाई असते, तशीच डिसेंबरमध्ये आमच्याकडे असते. त्या वर्षीच्या रेकॉर्ड्समध्ये अंकलच्या आईची बसत होती. लिंडाबाई शस्त्रक्रियेसाठी रजेवर होत्या. माझ्याकडे यादी होती आणि तारीख होती.

मी ती रेकॉर्ड नीट धुतली. सुई बदलून बदलून चार वेळा वाजवली. गाण्यात वाद्य नव्हतं. एक बाई गात होती आणि मागे दोघी-तिघी सूर धरत होत्या. मी अठ्ठ्याहत्तर लिहिलं. 'अंदाजे'वर खूण केली नाही.

डिसेंबरच्या मध्यावर अंकल ऐकायला आले. बाहेर बर्फ होतं. एफुआने त्यांचा कोट काढून घेतला, त्यांनी स्वतः टोपी काढून मांडीवर ठेवली, चर्चमध्ये ठेवतात तशी. मी सुरू केलं.

अर्धं गाणं झालं असेल. त्यांनी हात वर केला.

"ही कोण?"

मी लेबलवरचं नाव वाचलं. त्यांच्या आईचंच.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. या वेळी ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग एफुआकडे वळून म्हणाले, "ही तर कुणी शाळकरी मुलगी आहे. आणि तिच्यामागे कुत्रं लागलंय."

एफुआ हसली. "डॅडी, ती तेव्हा तरुण होती."

"तरुण असली म्हणून काय झालं? माझी आई भर बाजारात भाव करतानासुद्धा घाई करायची नाही. गिऱ्हाईक निघून जायचं, पण ती आपली सावकाश. गाणं आमच्या घरातलंच आहे. शब्दही तेच आहेत. पण ही बाई दुसरी."

त्यांचा चेहरा मला बघवेना. काहीतरी दिलासा द्यावा म्हणून मी म्हटलं, "अंकल, लेबलं पुष्कळदा चुकीची असतात. एका दिवशी पाच-सहा जणी गायच्या, कंपनीवाले कुणाचं नाव कुणावर छापायचे." हे खोटं नव्हतं. असं खरंच व्हायचं. पण या वेळी तसं झालंय हे मला कुठे ठाऊक होतं?

त्यांनी टोपीची कड चाचपली. मग त्यांनीच मला धीर दिला. "तुझा काय दोष? तू तर छान स्वच्छ केलीस. फक्त एक कर. नाव काढून टाक. दुसऱ्या बाईच्या गाण्यावर माझ्या आईचं नाव नको. त्या बिचारीलाही ते आवडणार नाही."

मी त्यांच्यासमोरच नाव खोडलं आणि 'गायिका अज्ञात' असं लिहिलं. निघताना एफुआने रेकॉर्ड उचलली, तर ते म्हणाले, "राहू दे. ती आपली नाही." कापड मात्र त्यांनी घडी करून खिशात घातलं.

एक जानेवारीला गाणं वेबसाइटवर गेलं. लोकांनी ऐकलं. एकाने खाली लिहिलं, किती गोड, कोवळा आवाज.

पुढच्या सप्टेंबरच्या शेवटी एका बाईंनी आपल्या आजोबांच्या सामानातली खोकी पाठवली. त्यात त्याच कंपनीची एक रेकॉर्ड निघाली. रेकॉर्डच्या मधल्या गुळगुळीत भागात एक क्रमांक कोरलेला असतो. तो ध्वनिमुद्रणाच्या क्रमाने येतो. या रेकॉर्डचा क्रमांक अंकलच्या रेकॉर्डच्या लगेच पुढचा होता. म्हणजे तीच खोली, तोच दिवस, बहुधा तेच यंत्र. आणि हिच्यात साथीला कॉन्सर्टिना होता. हातात धरून दाबायचा छोटा बाजा, आपल्या पेटीचा धाकटा भाऊ.

मी अठ्ठ्याहत्तरला लावलं. बाजा दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी वाजत होता. आधी वाटलं बाजाच बेसूर असेल. मग वेग हळूहळू उतरवत गेले. लिंडाबाई तोवर कामावर परत आल्या होत्या, त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कंपनीच्या त्या काळच्या इतर रेकॉर्ड्सची नोंद काढली. एकाहत्तर आणि बहात्तरच्या मधे बाजा बरोबर बसला.

मी अंकलची रेकॉर्ड काढली आणि त्याच वेगाला लावली.

तीन मिनिटांचं गाणं सव्वातीन मिनिटांचं झालं. एवढाच फरक, सांगायला गेलं तर. पण गाणारी बाई दुसरी होती. आवाज खाली उतरला होता, भरला होता. प्रत्येक ओळ संपली की ती थांबत होती, आरामात श्वास घेत होती, मागच्या बायकांना त्यांचा सूर पुरा करू देत होती. तिला कसलीही घाई नव्हती.

तेव्हा मला अंकलचं बोलणं कळलं. त्यांनी मला चूक काय ती सरळ सांगितली होती. घाई. त्या मोठ्या माणसाने यंत्राचं काही न शिकता नुसत्या कानाने दुखणं ओळखलं होतं आणि मी त्यांना लेबलांच्या गोष्टी सांगत बसले होते. वेगाचं बटण माझ्या हाताशी होतं. "अंकल, जरा हळू लावून बघू का?" एवढं म्हणायचं होतं. पण अठ्ठ्याहत्तर हे मी फॉर्मवर लिहिलेलं होतं. लिहिलेलं चुकीचं असू शकतं, हे लेबलाच्या बाबतीत मला पटत होतं, स्वतःच्या बाबतीत नाही.

लिंडाबाईंनी फॉर्म मागितला. पाहिला. "'अंदाजे'वर खूण नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"फोन कर त्यांना."

मला फोन करायला चार दिवस लागले. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून काढलं, दोनदा खोडलं. फोन एफुआने उचलला. मी कागद वाचायला लागले. तिने मधे थांबवून सांगितलं, "डॅडी ऑगस्टमध्ये गेले."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने जे सांगितलं ते नुसती माहिती द्यावी तसं सांगितलं. त्यांच्याकडे अंत्यविधी मोठा असतो. लांबलांबून माणसं येतात, कार्यक्रमाची छापील पुस्तिका असते. अंकलनी आपल्या कार्यक्रमाची यादी स्वतःच्या हाताने कधीचीच लिहून ठेवली होती. पहिली ओळ होती, 'आईची रेकॉर्ड'. आमच्याकडून परत गेले त्याच रात्री त्यांनी ती ओळ पट्टी धरून खोडली. गणिताचे मास्तर, खोडतानासुद्धा पट्टी. "मग आम्ही एक भजन लावलं," एफुआ म्हणाली. "चांगलं झालं सगळं."

मी विचारलं, त्यांच्या आईला ऐकलेलं आणखी कुणी आहे का? मावशी, चुलत भाऊ, गावाकडचं कुणी? नाही. अंकलच सगळ्यांत धाकटे होते. तेच शेवटचे.

मी आता असं करते, की कुणी म्हातारं माणूस ऐकायला आलं तर त्यांना खुर्चीत बसवते आणि वेगाचं बटण आधी त्यांच्या हातात देते. फॉर्म नंतर. लिंडाबाईंना ते आवडलंय. पण हे मला त्या डिसेंबरमध्ये सुचायला हवं होतं.

वेगाचं सगळं मी एफुआला ईमेलने लिहिलं होतं. फोननंतरच्या नोव्हेंबरमध्ये ती एकटी आली. हॉस्पिटलमधून परस्पर आली होती, अंगात कामाचेच कपडे होते. मी खुर्ची पुढे केली आणि गाणं लावलं. तिने डोळे मिटले नाहीत, रडली नाही. लक्ष देऊन ऐकलं, एखादा पेशंट काय सांगतोय ते ऐकावं तसं.

"छान गाते," ती म्हणाली. मग विचारलं, "ही तीच आहे का?"

"लेबलवर त्यांचंच नाव आहे. वेग आता बरोबर आहे. क्रमांकही जुळतात."

"ते तू ईमेलमध्ये लिहिलंस. मी विचारतेय, ही तीच आहे का?"

मला हो म्हणावंसं वाटलं. एकदा दिलासा देऊन झाला होता माझा.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "ज्यांना माहीत होतं, त्यांना मी चुकीचं ऐकवलं."

तिने मान हलवली. मी नाव परत लिहू का, असं विचारलं. ती म्हणाली, "डॅडींनी काढायला सांगितलं होतं. आता घाला म्हणून सांगणारी मी कोण?" मग पर्स उचलता उचलता म्हणाली, "नाव लिही. पण डॅडी काय म्हणाले तेही लिही. आणि का म्हणाले तेही."

मी तिथेच बसून लिहिलं. नाव लेबलनुसार. मुलाने ऐकून नाही म्हटलं, पण त्यांना ऐकवलेला वेग चुकीचा होता, आणि ती चूक माझी. खाली माझं नाव. वेबसाइटवर ते आजही आहे, कुणालाही वाचता येतं.

रेकॉर्ड मी तिच्यासमोर ठेवली. तिने ती घेतली नाही. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "मला दोन भाऊ आहेत. एक टेक्ससमध्ये, एक घानात, आक्राला. त्यांना गाणं पाठव. त्यांनाही काही कळणार नाही, पण पाठव."

मी त्याच दुपारी पाठवलं.